बिनपाण्याच्या बंदरातल्या अक्का

अक्का केबिनच्या बाहेर आल्या की आधी पदराचं टोक वर धरायच्या. पदर कुठल्या बाजूला आणि किती फडफडतो ते डोळे बारीक करून पाहायच्या आणि मग क्रेनवाल्याकडे वळून विचारायच्या, "वाराले इचारी लिधं का?" म्हणजे, वाऱ्याला विचारून घेतलं का? क्रेनमध्ये वारा मोजायचं यंत्र होतं. क्रेनवाला त्यावरचा आकडा ओरडून सांगायचा. तो पदराशी जुळला तर अक्का मान डोलवायच्या, नाही जुळला तर मुकाट्यानं यंत्राचंच ऐकायच्या. मग पदर कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "यंत्रले वाटाले नको, त्यालेच बठ्ठं समजस." म्हणजे, सगळं आपल्यालाच कळतं असं यंत्राला वाटायला नको.

तुम्हीही महामार्गावर कधीतरी ते पांढरं, लांबलचक धूड पाहिलं असेल. पुढे लाल झेंडीची गाडी, मागे पोलिसांची, आणि मधे न संपणारा ट्रेलर. त्यावर पवनचक्कीचं एक पातं. तुम्ही मोटरसायकल बाजूला घेतली असेल, थोडं चिडलाही असाल. त्या पात्याची गंमत अशी, की ज्या वाऱ्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याच वाऱ्यात ते उचलता येत नाही. जोराचा झोत आला तर क्रेनला टांगलेलं पातं पतंगासारखं ओढ खातं. म्हणून आमच्या यार्डात सकाळचा पहिला मान वाऱ्याला असे, आणि त्याची खुशाली अक्का विचारत.

यार्ड जळगावजवळ, नशिराबादच्या अलीकडे, महामार्ग आणि रेल्वेच्या मधे. कागदोपत्री ते बंदर होतं. समुद्राकडून सीलबंद कंटेनर रेल्वेनं थेट आमच्याकडे यायचे, तपासणी आणि शिक्के इथेच व्हायचे. परदेशी जाणारा माल इथूनच भरून जायचा. मी तिथे कागदपत्रं पाहायचो आणि अक्का यार्डाच्या प्रमुख होत्या. पाहुणे आले की हटकून विचारायचे, "बंदर म्हणता, मग पाणी कुठे आहे?" अक्का गंभीर चेहऱ्यानं कोपऱ्यातला माठ दाखवायच्या. "तठे शे. प्या पोटभर."

त्यांचं माहेर साक्रीकडचं आणि सासर जळगावचं. तिथल्याच पिंप्राळ्यातून त्या स्कूटरवर यायच्या. डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटवरून पदर, डिक्कीत कळण्याची भाकर आणि ठेचा. स्कूटर त्यांना फक्त पुढे नेता यायची. मागे घ्यायची वेळ आली की त्या खाली उतरून जो दिसेल त्याला हाक मारायच्या. एकदा तपासणीला आलेल्या एका मोठ्या अधिकाऱ्यानं त्यांची स्कूटर वळवून दिली आणि वर त्यांनाच धन्यवाद दिले. का दिले ते त्याला सांगता आलं नसतं, पण अक्कांसमोर माणसांचं असं व्हायचं.

वॉकीटॉकीशी मात्र त्यांचं कधी जमलं नाही. बटण न दाबताच त्या लांबलचक सूचना द्यायच्या आणि कोणी हललं नाही की माझ्याकडे वळून म्हणायच्या, "पाहिलंस भाऊ? बाईमाणसाचं कोणी ऐकत नाही." मी बटणाकडे बोट दाखवायचो. त्या बटण दाबायच्या आणि तीच सूचना आता रागानं द्यायच्या. डावं-उजवंही त्यांचं पक्कं नव्हतं. "इकडे घे, अरे इकडे" असं त्या यंत्रात सांगायच्या. आमचे ड्रायव्हर शेवटी यंत्र सोडून त्यांच्या हिरव्या बांगड्यांच्या हाताकडे बघत ट्रेलर लावायला शिकले.

"इचारी लिधं का?" हे त्यांचं पालुपद होतं आणि ते फक्त वाऱ्यापुरतं नव्हतं. दुसऱ्याच्या जागेत गाडी लावायची, विचारलं का? हमालांची जेवायची वेळ आहे, त्यांना विचारलं का? मुरमाच्या ढिगावर एक पिवळी कुत्री झोपायची. ढीग हलवायचा म्हटल्यावर अक्कांनी आधी तिच्यापाशी जाऊन, वाकून, दोन शब्द बोलून तिला उठवलं. आम्ही हसलो. कुत्री मात्र उठून जांभई देऊन शहाण्यासारखी दुसरीकडे गेली.

आता यार्डावरची अडचण सांगतो. आमचा धंदा कापसाचा. गाठी निघायच्या त्या थंडीत, आणि उन्हाळा लागला की यार्ड ओसाड पडायचं. त्यातच कापसाचाही माल कमी होत चालला होता. मालक यार्ड बंद करून जागा विकायच्या गोष्टी बोलू लागले होते. नशिराबादची, आसपासच्या खेड्यांमधली कितीतरी घरं त्या फाटकातून आत-बाहेर करून जगत होती. अक्का ते बोलून दाखवत नसत, पण दुपारी भाकर खाताना घास हातात धरून रिकाम्या यार्डाकडे बघत बसायच्या.

आणि त्यांनाच ते सुचलं. साक्रीच्या डोंगरांवर नव्या पवनचक्क्या उभ्या राहणार होत्या. पाती लांबच्या कारखान्यातून रस्त्यानं येणार, केबल, बोल्ट आणि यंत्रं समुद्राकडून रेल्वेनं. डोंगरावर तर एक पातं आडवं ठेवायलाही जागा नाही. म्हणजे सगळं कुठेतरी एकत्र येऊन थांबायला हवं आणि जसं लागेल तसं एकेक वर जायला हवं. शिवाय त्यांची घाई उन्हाळ्यातली, पावसाळ्याच्या आधीची. "आपलं यार्ड रिकामं राहतं तेव्हाच त्यांना जागा पाहिजे," अक्का मालकांना म्हणाल्या, "आणखी काय पाहिजे तुम्हाला, निमंत्रणपत्रिका?" मालकांना अक्कांची थोडी भीती वाटायची, त्यामुळे ते हो म्हणाले.

काळ्या मातीत ट्रेलर गाडला जाऊ नये म्हणून मुरूम पडला, रोलर फिरला. पाती आली. तीन पाती एका ओळीत निजवली तेव्हा यार्ड एकदम भरल्यासारखं दिसलं आणि हमालांच्या बायका मुद्दाम पोरं घेऊन बघायला आल्या. पवनचक्कीवाल्या कंपनीनं मात्र स्पष्ट सांगितलं होतं, पहिली पवनचक्की वेळेत उभी राहिली तर पुढचा सगळा माल तुमच्या बंदरातून. नाही राहिली तर आम्ही डोंगराच्या पायथ्याशी एखादं शेत भाड्यानं घेऊ आणि तुमचा आमचा राम राम. डोंगरावर मोठी क्रेन भाड्यानं आणून उभी केली होती. तिचं पुढचं काम दुसऱ्या राज्यात ठरलेलं होतं. पाती त्याआधी पोचली नाहीत तर खांब बिनडोक्याचा उभा राहणार, तो थेट दिवाळीपर्यंत.

रस्त्याची पाहणी अक्कांनी आणि मी थंडीतच केली होती. जीपमधून सगळा रस्ता बघितला, वायरी किती खाली आहेत, पूल कुठे अरुंद आहे, वळण कुठे आखूड आहे. साक्रीच्या पुढे एका गावाच्या वळणावर मोठा कडुनिंब होता. त्याची एक जाड फांदी रस्त्यावर आडवी आली होती. पातं वळताना ती नक्की लागणार. आम्ही गावात विचारलं, अगदी रीतसर. सरपंच, पोलीस पाटील, पारावरची मंडळी, सगळ्यांनी हो म्हटलं. एकानं तर झाडच न्या म्हणून सांगितलं. सरकारी परवानगी आली. अक्कांनी स्वतःच्या हातानं त्या फांदीवर चुन्याचा पट्टा ओढला.

आम्ही निघालो ते आखाजीच्या दोन दिवस आधी. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण खान्देशात हा शब्द निराळा वाजतो. लग्न झालेल्या मुली या सणाला चार दिवस आधीच माहेरी येतात. झोके, गाणी, आंब्याचा रस, सांजोऱ्या, आणि पुरुषांना उजळ माथ्यानं पत्ते खेळायची मुभा. सणाच्या दिवशी गाडी चालवायची नाही हे आमचं ठरलेलं होतं. त्याच्या आधीच आम्ही डोंगर चढून जाणार होतो. अक्का पुढच्या जीपमध्ये, मी त्यांच्या शेजारी, मागे तीन ट्रेलर, एक जेसीबी, लोखंडी पत्रे, फांदी कापायला करवतवाला, पोलीस आणि कंपनीचा तरुण इंजिनीअर. तो दक्षिणेकडचा होता, हिंदी जपून बोलायचा आणि मराठीत त्याला फक्त "अक्का" येत होतं. त्याचं तेवढ्यावर भागत होतं.

धुळं गेलं, साक्री गेलं. उन्हं उतरणीला लागताना आम्ही त्या वळणावर पोचलो आणि ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. चुन्याचा पट्टा होता त्या फांदीला मोठा थोरला झोका बांधलेला होता. त्यावर दोघी उभ्या राहून झोका चढवत होत्या आणि खाली रंगीबेरंगी साड्यांचा घोळका गाणं म्हणत होता.

मी करवतवाल्याला घेऊन पुढे झालो. घोळक्यातून एक म्हातारी बाहेर आली. ठेंगणी, नाकात मोठी नथ, कमरेवर हात. गाव तिला मोठीमाय म्हणत होतं. मी परवानगीचा कागद दाखवला, सरपंचांनी होकार दिल्याचं सांगितलं. तिनं कागदाकडे बघितलंही नाही.

"सरपंच झोका खास का?" म्हणजे सरपंच झोका खातो का, असं तिनं विचारलं. "आमले बायासले कोनी इचारं का?"

मी अक्कांकडे पाहिलं. त्या जीपमधून उतरून झाडाखाली आल्या होत्या आणि मान वर करून फांदी बघत होत्या. त्यांच्या चुन्याच्या पट्ट्याशेजारी फांदीची साल गोल झिजून गुळगुळीत झाली होती. किती वर्षांच्या दोरांनी ती घासली असेल कोण जाणे. थंडीत आम्ही दोघं तिच्याखाली उभे होतो तेव्हाही ती तशीच होती.

"मीच इसरी गयी," अक्का हळूच म्हणाल्या. "मले दिसाले पाहिजे व्हतं."

मला त्या वेळी अक्कांची खरंच कीव आली. सगळ्या जगाला विचारून घ्यायला लावणारी ही बाई, आणि तिच्याकडून नेमकं हेच विचारायचं राहिलं. गावातल्या पुरुषांना थंडीत कडुनिंबाची फांदी म्हणजे फांदी वाटली, यात नवल नाही. पण अक्का स्वतः अशाच गावात वाढलेल्या.

इंजिनीअरच्या फोनवर फोन येत होते. क्रेन निघायच्या आत पाती वर हवीत, पोलीस सोबत आहेत तोवर रस्ता बंद ठेवता येईल, विजेच्या वायरी तेवढ्यापुरत्याच बंद आहेत, सगळं खरं होतं. पोलीस म्हणाले, कागद आहे ना, मग कापा. मी अक्कांना बाजूला घेतलं आणि सुचवलं, की मुली घरी जेवायला गेल्या की पटकन उरकून टाकू, दोरी दुसऱ्या फांदीला बांधून देऊ. माझ्या मते हा फार मुत्सद्दी तोडगा होता. अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी करवतवाल्याला घेऊन गुपचूप जीपमागे जाऊन उभा राहिलो.

मग त्या इंजिनीअरकडे गेल्या. आपल्या मोडक्या हिंदीत त्यांनी त्याला सांगितलं, की फांदी कापायची नाही. काम गेलं तर माझ्यामुळे गेलं असं वर कळव. नशिराबादची ती घरं त्यांच्या डोळ्यांसमोर असणार, माझ्या तर होतीच. इंजिनीअरनं फोन खिशात टाकला आणि टायरवर बसून राहिला.

अक्का परत झाडाखाली गेल्या, चप्पल काढली आणि बायकांमध्ये मांडी घालून बसल्या. वाद नाही, विनवणी नाही. चूक झाली, एवढंच म्हणाल्या. कुणीतरी तांब्याभर पाणी दिलं. मग बायका बायकांचं सुरू झालं, कुठली तू, कुणाकडची, पोरंबाळं किती. मोठीमायनं विचारलं, "आखाजीना सन शे आन तू गाड्यासमांगे फिरस. तुनं माहेर कोठे शे?"

अक्का पाण्याचा तांब्या हातात फिरवत राहिल्या. "माय-बाप गयात," त्या म्हणाल्या. "भाऊ नही. आते माहेर राहिनं नही."

मला हे माहीत नव्हतं. दरवर्षी आखाजीला अक्का यार्डातल्या सगळ्या बायकांना सुट्टी द्यायच्या आणि स्वतः फाटकावर बसायच्या. आम्हाला वाटायचं, कामाची हौस.

मोठीमायनं रस्त्यापलीकडे हात केला. तिथे नुसतं काळं, भेगाळलेलं वावर होतं. थंडीत त्यात हरभरा उभा होता म्हणून आम्ही तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता उन्हानं ते दगडासारखं झालं होतं.

"वावर मनं शे," ती म्हणाली. "त्यामाईन ली जा तुन्या गाड्या. पन पहिले झोकावर बस. आखाजीले जी उनी, ती गावनी आंडेर शे." आंडेर म्हणजे लेक; आखाजीला जी आली ती गावची लेक.

अक्कांचं वय पन्नाशीच्या पुढचं आणि अंगानं त्या चांगल्या भरलेल्या. समोर पोलीस, ड्रायव्हर, कंपनीचा माणूस, आणि पलीकडच्या पारावर पत्ते हातात तसेच धरून उभं राहिलेलं अर्धं गाव. मला वाटलं, त्या हसून टाळतील. त्या उठल्या, पदर कमरेला खोचला आणि बसल्या. दोघी पोरींनी मागून ढकललं. पहिल्या झोक्याला फांदी करकरली आणि माझा जीव खालीवर झाला. दुसऱ्याला अक्का पाय ताणून स्वतः झोका चढवायला लागल्या. हे अंगात मुरलेलं असतं, ते विसरत नाही. बायकांनी गाणं उचललं. अक्कांचं तोंड हसत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला हात सोडता येत नव्हता.

त्यानंतर सगळं भराभर झालं. जेसीबीनं वावराचा बांध दोन ठिकाणी उघडला, पत्रे अंथरले गेले. पत्ते टाकून पुरुषही धावले, कारण आता बघण्यासारखं काही होतं. पहिला ट्रेलर रस्ता सोडून वावरात उतरला. अक्का झोक्यावरून उतरून त्याच्या पुढे उलट्या पावलांनी चालत होत्या, हिरव्या बांगड्यांचा हात वर करून, "इकडे घे, अरे इकडे" म्हणत. ते पांढरं पातं कडुनिंबाला वळसा घालून शांतपणे पलीकडे गेलं. पाठोपाठ दुसरं, मग तिसरं. झोका तोवर चालूच होता. इंजिनीअर मोबाईलवर चित्रण करत होता आणि त्याला जमेल त्या मराठीत "अक्का, अक्का" एवढंच ओरडत होता.

ट्रेलर पुढे गेले तरी अक्का निघेनात. बांध होता तसा पुन्हा घालून झाला, त्यावर त्यांनी दोनदा पाय आपटून पाहिला, तेव्हा कुठे त्या जीपमध्ये बसल्या. मांडीवर सांजोऱ्यांचं गाठोडं होतं. डोंगर चढेपर्यंत त्यांनी मला त्यातली एकही दिली नाही. म्हणाल्या, माहेरची शिदोरी आहे, घरी जाऊन उघडेन.

क्रेन जायच्या आत पाती वर पोचली. चक्की उभी राहिली आणि यार्ड वाचलं. कंपनीची माणसं बोलणी करायला आली तेव्हा अक्कांनी दराबिराचं सगळं मालकांवर सोडलं आणि स्वतः एकच अट घातली. आखाजीला आणि तिच्या आगेमागे आमच्या बंदरातून गाडी सुटणार नाही. मोठ्या शहरातल्या त्या माणसांनी आखाजी म्हणजे काय ते समजावून घेतलं. इंजिनीअरनं त्यांना त्याच्या फोनवरचं चित्रण दाखवलं. त्यांनी मान्य केलं.

आता उन्हाळ्यात आमच्या यार्डात पाय ठेवायला जागा नसते. पाती, खांबाची नळकांडी, केबलची रिळं. हमालांच्या पोरांपैकी दोघं जण डोंगरावर चक्क्यांची देखभाल करतात, एवढ्या उंच चढतात की त्यांच्या आया वर बघायला तयार नसतात. अक्का मागेच निवृत्त झाल्या. त्यांच्या खुर्चीत मी बसतो. वॉकीटॉकीचं बटण मी बरोबर दाबतो, तरी ड्रायव्हर माझं निम्मंच ऐकतात. काही अडलं की मी पिंप्राळ्याला चक्कर मारतो. अक्का दारातच विचारतात, विचारून आलास का, आणि मग चहा टाकतात.

परवा आखाजीला कंपनीच्या नव्या मोठ्या साहेबांचा फोन आला. त्यांना आणखी एका गावाजवळ असंच बिनपाण्याचं बंदर उभं करायचं आहे. कामाला सुरुवात करण्याआधी अक्का म्हणून कुणी आहेत त्यांच्याशी बोलायचं होतं. सकाळपासून त्यांचा फोन लागत नाही, बाई ठीक आहेत ना, असं ते काळजीनं विचारत होते.

मी म्हटलं, "अगदी ठीक आहेत साहेब. आज नाही लागायचा फोन. त्या माहेरी गेल्यात."